बारा काचा आणि आमचे मामा

कुणाच्या घरी गेल्यावर यजमानाच्या आधी भिंतीची विचारपूस करणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. चपला काढल्या की मामा आधी चौकटीशेजारची भिंत बोटांच्या पेरांनी टकटक वाजवतात, कान तिरका करतात आणि मग तळहात टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहतात. तोवर यजमान पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळलेला असतो. भिंतीशी बोलणं आटोपलं की मामा त्याच्याकडे वळतात, पाणी पितात आणि मग पोराबाळांची चौकशी करतात. मला पाहायला मुलीकडची मंडळी आली तेव्हाही त्यांनी हेच केलं. बाकीचे माझा पगार, माझी उंची, माझ्या चष्म्याचं भिंग अशा गोष्टींत गुंतले होते. मामा मात्र चहा न घेताच घरामागे नाहीसे झाले आणि वीसेक मिनिटांनी हातावर माती घेऊन परतले. माझ्या वडिलांना म्हणाले, "पावणे, पोरगं बरं हाये. नोकरी बी बराबर हाये. पण तुमच्या घराचे कोपरे सुटून राह्यले. आमच्या पोरीला हितं निजायचं हाये." वडिलांना वाटलं, झालं, सोयरीक मोडली. प्रत्यक्षात मामा आठ दिवसांनी थापी, ओळंबा आणि लोखंडी सळया घेऊन हजर झाले आणि हळद लागायच्या आत त्यांनी आमच्या घराचे चारही कोपरे बांधून दिले. लग्नात मुलीकडून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर आमची आई अजूनही मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवते.

मामा मूळचे मिस्त्री. वाटूरहून मंठ्याकडे जाताना डाव्या हाताला एक डोंगर दिसतो, किंवा दिसायचा म्हणू या, त्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. तरुणपणी लातूरकडच्या भूकंपानंतर ते तिकडे घरं मजबूत करायच्या कामावर गेले आणि दोन वर्षं राहिले. तिथे काय पाहिलं ते कधी सांगत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "लई जाड भित्ती व्हत्या, जावईबापू. लोकाला वाटायचं, जाड म्हंजी पक्की." एवढं बोलून त्यांनी उगाचच पिशवीतला ओळंबा काढून पुसला. परत आले ते पडणारी भिंत कशी धरून ठेवायची ही विद्या घेऊन. पण आमच्याकडची जमीन हलणारी नव्हती, त्यामुळे कितीतरी वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. मग मोठाल्या रस्त्यांची कामं निघाली, खडीची मागणी वाढली, गावामागच्या डोंगराला खदान लागली आणि रोज दुपारी दोन वाजता सुरुंगाचे बार उडू लागले. घराघरात मांडणीवरची भांडी वाजायला लागली, भिंतींना भेगा पडल्या आणि गावाला एकदम मामांची आठवण झाली. मामा खदानीला शिव्या देतील अशी लोकांची अपेक्षा होती. ते उलट खदानीत जाऊन बार लावणाऱ्या माणसाशी दोस्ती करून आले. "समदे बार एकदम उडवू नको, जरा जरा थांबून एकामागं एक उडव, म्हणजे हादरा कमी बसतो," असं त्याला बिडी देऊन पटवलं. गावाला सांगितलं, "खडी बी लागतीच आन् घरं बी लागतेत. तुमी आपली भित्त सांभाळा."

भिंत कशी सांभाळायची याचं त्यांचं एक शास्त्र आहे आणि ते समोरच्याला ऐकवल्याशिवाय त्यांचा घास उतरत नाही. दगडमातीची जुनी भिंत दिसते एक, पण असतात दोन, एक आतली आणि एक बाहेरची, आणि मधे बारीक दगडमातीचा भरणा. "ह्या दोघी जावा-जावा," मामा म्हणतात. "पाठीला पाठ लावून बसलेल्या. रोजच्या दिवशी कोणाला कळत न्हाई. हादरा बसला की एक हिकडं तोंड करती, एक तिकडं." एकदा त्यांनी हे शास्त्र मामींच्या माहेरी, दोन सख्ख्या जावांच्या मधे बसून सांगितलं. दोघी आधीच महिनाभर बोलत नव्हत्या. जेवणात त्या दिवशी मामांना दोनदा भात वाढायचा राहून गेला. तर या दोन भिंतींना टाका घालायचा, हे मामांचं पहिलं काम. भिंतीत आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीटने ते बुजवायचं. दुसरं काम म्हणजे दाराच्या वर, घराला आतून-बाहेरून चौफेर लोखंडी जाळीचा पट्टा बांधून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा. आणि तिसरं, माळवदावरची माती कमी करायची. आमच्याकडे धाब्याच्या घरावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, जुना कुणी काढत नाही. ती माती काढायची म्हटल्यावर शेजारची म्हातारी कपाळाला हात लावून बसली. तिच्या सासूने टाकलेली माती होती म्हणे. मामांनी तिला विचारलं, "मावशे, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालता येतं, नाचता येतं का?" म्हातारी म्हणाली, "मला नुसतं बी चालता येत न्हाई." तिसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच माती उतरवायला माणसं लावली.

दुपारचे दोन ही मामांची पूजेची वेळ. दोनच्या आधी ते जेवत नाहीत. परातीत काठोकाठ पाणी घेऊन ती भिंतीच्या कडेला ठेवतात, स्वतः तळहात भिंतीला लावून उभे राहतात आणि एक डोळा परातीवर ठेवतात. पाण्यावर किती तरंग उठले, हाताला काय कळलं, हे सगळं ते मनात ठेवतात. त्या दोन-चार मिनिटांत घरात कुणी चालायचं नाही, उखळात कांडायचं नाही, आणि मामींनी शिंकायचंही नाही. त्यांच्या पुतणीच्या बाळाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, आत्याबाई बाळाच्या कानात 'कुर्र' करायला वाकल्या होत्या, तेवढ्यात मामांनी हात वर केला. "थांबा! दोन वाजून राह्यले." आत्याबाई वाकलेल्या त्या वाकलेल्याच. सगळं बारसं श्वास रोखून उभं. बार उडाला, पाळण्याची साखळी जराशी किणकिणली, मामांनी भिंतीवरचा हात काढला आणि म्हणाले, "बराबर हाये. ठेवा नाव." आत्याबाईंची कंबर पुढे चार दिवस धरली होती.

पण मामांचं खरं वेड म्हणजे काचा. भिंतीला भेग दिसली की ते तिच्यावर काचेची एक बारीक पट्टी आडवी बसवतात, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका देतात आणि शेजारी तारीख लिहितात. भेग जराही सरकली की काच तडकते. ती शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, आता भिंत हलत नाही. "भेग झोपली का जागी हाये, ते काच सांगती," असं त्यांचं म्हणणं. हे सगळं ठीक आहे, पण काचा लागतात कुठून? गावातल्या निम्म्या घरांतल्या तसबिरींना काच नाही. आमच्या लग्नाचा फोटो बायकोने हौसेने मोठा करून घेतला होता. एका दिवाळीला मामा भाचीला फराळाचं द्यायच्या निमित्ताने आले आणि त्यांच्याबरोबर फोटोची काच गेली. तेव्हापासून आम्ही दोघं उघड्यावर आहोत आणि माझ्या फेट्यावर पालीने अंडी घातली आहेत. बायको याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मामाच्या बाबतीत ती माझ्या बाजूने कधीच नसते.

पुढे माझी बदली त्यांच्याच गावच्या शाळेवर झाली. दोन शिक्षकांची शाळा, मी मुख्याध्यापक, त्यामुळे घंटाही मीच द्यायचो. तीन खोल्या, काळ्या दगडाच्या, वर पत्रे. मामा पहिल्याच दिवशी शाळेच्या भिंतींची चौकशी करून गेले आणि जाताना म्हणाले, "जावईबापू, शाळा जागी हाये." बारा ठिकाणी त्यांनी काचा बसवल्या. त्या हिवाळ्यात बाराही तडकल्या. मग वरून पत्र आलं. इमारत धोकादायक दिसते आहे, तपासणी होईल, आणि तसं ठरलं तर पोरांना पलीकडच्या गावच्या शाळेला जोडण्यात येईल. पलीकडचं गाव लांब नाही, पण मधला रस्ता खदानीचा. दिवसभर खडीच्या गाड्या धूळ उडवत पळतात. पालकसभेत बायका स्पष्टच म्हणाल्या, "पोरं जातील एकवेळ. पोरी न्हाई धाडायच्या त्या रस्त्यानं." माझ्या शाळेत तेवीस मुली होत्या. त्यांतल्या किती टिकतील हा हिशेब करायलाही मला धीर झाला नाही. त्या सभेत मामा मागच्या बाकावर, पहिलीच्या पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. उठले आणि म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मला शाळा द्या."

गावाने सिमेंट आणलं, जाळी आणली, आणि मामांनी मे महिन्याच्या उन्हात शाळेला टाके घातले. गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. शिडीवर चढताना ते प्रत्येक पायरीला एका वेगळ्या देवाचं नाव घेत आणि उतरताना त्याच देवांना दुसरं काहीतरी म्हणत. काम झालं. तडकलेल्या बाराही काचा त्यांनी पुरावा म्हणून तशाच राहू दिल्या, तिथली वीतभर भेग मुद्दाम न बुजवता ठेवली, आणि प्रत्येक फुटक्या काचेशेजारी एक नवी काच बसवली. शाळा सुरू झाली, रोज दोनचा बार होत राहिला, आणि नव्या बारा काचांतली एकही तडकली नाही. इंजिनियर मॅडम तपासणीला यायच्या आदल्या दिवशी मामा भिंतींसमोरून असे फिरत होते की जणू पोरीला पाहायला पाहुणे यायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. भिंती स्वच्छ होत्या. एकही काच नव्हती. आमच्याकडे पोरांची खिचडी शिजवणाऱ्या गयाबाई आहेत. साहेब लोक येणार म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी शाळा झाडली, पुसली आणि खिचडीच्या उलथण्याने सगळ्या काचा खरवडून काढल्या. "फुटकी काच घरात ठेवू न्हाई, गुर्जी," त्या म्हणाल्या. "ही तर शाळा. सरस्वतीच्या फोटूखाली बी एक व्हती. कशाला अपशकून?" मी विचारलं, "अहो, पण चांगल्या काचा काहून काढल्या?" तर म्हणाल्या, "जोडीतली एक काढल्यावर दुसरी भुंडी दिसत व्हती."

मामा आले तसं मी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, भिंतींवरून एक नजर फिरवली आणि गयाबाईंना म्हणाले, "काढल्या बाकी सफाईनं. गिलावा बिलकुल उचकटला न्हाई." मॅडम आल्या. वयाने लहान, पण बारकाईने बघणाऱ्या. त्यांनी टाके पाहिले, पट्टा पाहिला, आणि शेवटी खऱ्या अडचणीवर आल्या. काम केलंय हे दिसतं, पण ते धरून राहतं याला पुरावा काय? मामांनी घड्याळ पाहिलं. "ताई, पाच मिन्टं बसा. दोन वाजून राह्यले. हितं हात लावा." मॅडमनी भिंतीला हात लावला, बार झाला, पत्र्यावरून थोडी धूळ पडली, भिंतीवरचा नकाशा हलला. मॅडम हात न काढता थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हाताला कळलं, पण हाताचं कागदावर लिहिता येत नाही, काका. काचा पुन्हा लावा." बारा नव्या काचा लागल्या, प्रत्येकीशेजारी मॅडमनी भिंतीवर स्वतः सही केली. तीन महिन्यांनी त्या परत येणार होत्या. सगळ्या टिकल्या तर शाळा इथेच. "एक जरी तडकली, तर मला वेगळा शेरा लिहावा लागेल," असं त्या जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मामांचे गुडघे पुरते बसले. मुलगा येऊन त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला. आता शाळेच्या काचा माझ्यावर. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, फक्त "बोला." मी म्हणायचो, "बारा." फोन बंद. गयाबाईंनी तर पापक्षालन म्हणून काचांची राखणच पत्करली होती. भिंतीला टेकणाऱ्या पोराच्या दिशेने उलथणं उगारलं जायचं. माझ्या सहकारी बाई एकदा फळ्यावर जरा जोराने खडू आपटत होत्या, तर त्यांच्यावरही उगारलं गेलं.

मॅडम यायला आठ दिवस उरले असताना, एका दुपारी दोनचा बार झाल्यावर मी मोजल्या आणि अकरा भरल्या. मागच्या खोलीच्या कोपऱ्यातली काच मधोमध तडकली होती. मी पुन्हा मोजलं. गयाबाईंनी मोजलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "गुर्जी, काच तर काच. सही भित्तीवर हाये, काचंवर न्हाई. बदला ना. कोणाला कळतंय?" खोटं कशाला बोलू, माझ्या कपाटात तशीच एक पट्टी होती, आमच्याच लग्नाच्या फोटोची उरलेली. ती मी बाहेर काढली. माझ्या डोळ्यांसमोर त्या तेवीस मुली आणि खडीच्या गाड्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. "बोला." मी म्हणालो, "बारा."

फोन बंद झाला नाही. मग मामा म्हणाले, "कोणती?"

मी हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "जावईबापू, रोज तुमी झटक्यानं सांगता. आज श्वास घेऊन सांगितलं. मागच्या खोलीतली का? कोपऱ्यातली?" मी हो म्हणालो. "मंग बदलू नका. तिथला टाका आरपार गेलाच न्हाई. दगड लई कठीण व्हता, भोक अर्ध्यात आडकलं. माझे गुडघे दुखत व्हते. म्हणलं, चालंल. वरून गिलावा केला." मग म्हणाले, "तीस वर्सांत पहिल्यांदा म्हणलो, जावईबापू. चालंल म्हणून." त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. माझे कान तापले, ते त्यांच्या चुकीमुळे नव्हे. मी पट्टी परत कपाटात ठेवली.

मॅडम आल्या त्या दिवशी मामा संभाजीनगरहून एसटीने, काठी टेकत, मुलाला न सांगता आले. मॅडमनी अकरा चांगल्या काचा पाहिल्या, बारावीसमोर थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले. "ताई, ही माझी चूक. भित्तीची न्हाई." आणि छन्नी घेऊन त्यांनी स्वतःच तिथला गिलावा फोडला. आत अर्ध्यात थांबलेली सळई दिसली. मॅडम खाली बसून ती कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग बाकीच्या अकरा ठिकाणी फिरून आल्या, दोन ठिकाणी गिलावा उचकटून पाहिला, तिथे सळया आरपार होत्या. म्हणाल्या, "काका, टाका जिथे पोचला नाही तेवढ्याच जागी काच फुटली. याहून चांगला पुरावा तुम्ही मला मुद्दाम दाखवायचा म्हटला तरी दाखवता आला नसता." त्यांनी लिहिलं की मागची खोली दुरुस्तीपर्यंत बंद ठेवावी, बाकी शाळा आहे तिथेच चालू राहावी. गयाबाई रडल्या आणि त्या भरात त्यांनी मॅडमना दोनदा खिचडी वाढली.

कोपऱ्याचं काम तीन दिवस चाललं. मामा खुर्चीवर बसून, गावातल्या तरुण मिस्त्रीला सूचना देत. पण शेवटची सळई त्यांनी कुणाला घालू दिली नाही. मी आणि मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि ती त्यांनी आरपार घातली. पलीकडच्या बाजूला टोक बाहेर आलेलं पाहायला पोरांनी गर्दी केली होती. नवी काच लागली. पुढचा आठवडा मामा रोज दोन वाजता शाळेत हजर होते. रोज बारा भरल्या. आठव्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली. "झालं, जावईबापू. भित्त झोपली. आता मला यायची गरज न्हाई." मुलगा गाडी घेऊन आला होता. मामा काचेतून शाळेकडे बघत बसले होते, आमच्याकडे नाही.

आता फोनही येत नाही. सुरुवातीला मी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन हातात घेऊन बसायचो. स्वतः करून पाहिला, तर म्हणाले, "काहून, फुटली का?" मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "मंग खर्चा कशाला?" मी मास्तर आहे, पोरं सुखरूप असावीत हेच मी मागितलं पाहिजे, आणि तसंच मागतोही. मुली रोज येतात, मागच्या खोलीत बसून मोठ्याने पाढे म्हणतात, आणि दोनच्या बारालाही त्यांच्या पाढ्यात खंड पडत नाही. पण कधीतरी दुपारी काचा मोजता मोजता बारा भरल्या की छातीत काहीतरी रितं होतं. माणसाने काम इतकं पक्कं करायला नको होतं. तेराव्या ठिकाणी कुठेतरी एखादी बारीकशी भेग पडावी, अगदी बिनधोक्याची, आणि मला मामांना श्वास घेऊन सांगावं लागावं, असं मनात येतं.